मेट्रो मोजायची कुठून?

आता पुण्याचंच बघा. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. २९ सप्टेंबर २०२४ला पिंपरीकडून येणारी मार्गिका जमिनीखालून स्वारगेटला पोचली. काम अवघड होतं, त्याचं कौतुक करूच. पण आपण मोजतो किलोमीटर आणि स्टेशनं. प्रवासी मोजतो घराच्या दारापासून. मेट्रो महामेट्रोची, फुटपाथ महापालिकेचा, बस पीएमपीची. मग चालायला धड वाट नाही, बसचा भरवसा नाही, तर माणूस दुचाकीच काढणार ना? म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पुढच्या मार्गिकेच्या खर्चातच स्टेशनभोवतीचे फुटपाथ आणि जोडबस धरा. नाहीतर वर मेट्रो धावेल आणि खाली कोंडी तशीच राहील.