ग्रहण की पाणिग्रहण?

ग्राँव्हिल या फ्रेंच चित्रकाराच्या ‘अँ ओत्र माँद’ (एक वेगळेच जग) या १८४४च्या पुस्तकात सूर्यग्रहणाचे एक व्यंगचित्र आहे. आकाशात सूर्य आणि चंद्र पती-पत्नीच्या रूपात चुंबन घेत आहेत आणि खाली माणसांऐवजी दुर्बिणींची गर्दी टक लावून बघते आहे. चित्राचे नाव ‘युन एक्लिप्स काँज्युगाल’.

हे नाव मराठीत आणताना पहिली अडचण व्याकरणाची येते. फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी, म्हणजे संसार भाषेनेच मांडून दिलेला. मराठीत आणि हिंदीत दोघेही पुल्लिंगी. बंगालीत तर नामांना लिंगच नाही. शिवाय आपल्या पुराणातले ग्रहण वैराचे आहे. राहूचे सोंग सूर्य-चंद्रांनी उघडे पाडले, म्हणून तो त्यांना गिळतो.

अशा वेळी ‘पाणिग्रहण’ हा शब्द हाताशी येतो. त्यात ग्रहणही आहे आणि लग्नही. कोटी अगदी आयती जुळते, तरी मला ती नको वाटते. लग्नाला माणसे बोलावलेली असतात. तिथे बघणे हा सोहळ्याचाच भाग असतो. ग्राँव्हिलचे जोडपे मात्र आधीच संसारात पडलेले आहे आणि त्याच्या एकांतात कुणीतरी डोकावते आहे. ‘पाणिग्रहण’ म्हटले की दुर्बिणी वऱ्हाडी होतात आणि उपहासाची धार जाते.

ती धार त्या काळावर रोखलेली होती. ८ जुलै १८४२ रोजी दक्षिण फ्रान्समधून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहायला खगोलशास्त्रज्ञ आरागो पर्पिन्याँला गेले होते. त्यानंतर दोनच वर्षांत हे पुस्तक आले. विज्ञानाने आकाशातले देव घालवले, असे आपण सहज म्हणतो. या चित्रात देवांना चेहरे आहेत. पाहणाऱ्यांचे तेवढे यंत्र झाले आहे.

म्हणून मी ‘दांपत्यग्रहण’ हे जरा ओबडधोबड नाव पत्करीन. लिंगाचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण एक आधार सापडतो. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते आणि ‘अमा’ म्हणजे एकत्र, ‘वस्’ म्हणजे राहणे. सूर्य-चंद्रांनी एकत्र राहण्याची ही तिथी. एरवी त्या दिवशी चंद्र कुणालाच दिसत नाही. ग्रहण लागले की मात्र तो सगळ्यांना दिसतो, आणि ग्राँव्हिलच्या दुर्बिणी नेमक्या तेव्हाच माना वर करतात.