टीप कोणाच्या खाली?

महाराष्ट्र शासनाने 1987 साली बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातील ‘रिडल्स’च्या राम-कृष्णावरील परिशिष्टाने धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली. 1988 साली मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. मजकूर राहिला, पण त्याखाली टीप आली की, या मतांशी शासन सहमत नाही.

वकिलाने प्रतिपक्षाचीच कागदपत्रे कोर्टापुढे ठेवावीत, तसे बाबासाहेब वाल्मीकीलाच साक्षीला बोलावतात. शंबूकाची हत्या त्यांनी रचलेली नाही. ती उत्तरकांडातच आहे. ती वाचताना आमच्या भावनांचे काय होते? शंबूकवधाखाली असहमतीची टीप घालावी, असे कोणत्या शासनाला कधी सुचले?

मात्र 2002 च्या ऑक्टोबरात जेरी फॉलवेल हा अमेरिकी धर्मोपदेशक दूरचित्रवाणीवर पैगंबरांना दहशतवादी म्हणाला, आणि निषेधाच्या बंदात आमचे सोलापूर पेटले. माणसे मेली. ती चिकित्सा नव्हती, शिवी होती. हा फरक मी वर्गात सांगतो. तरी शिवीवर बंदी मागवत नाही, कारण तोच कायदा उद्या ‘रिडल्स’वर येईल. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मग सर, शिव्या आम्हीच सोसायच्या का?” उत्तर देताना माझी जीभ अडखळते.