साक्ष, संहिता आणि सलोखा : एका 'विस्कळीत' निवेदनाच्या निमित्ताने

गुन्हा राज्यसंस्थेविरुद्ध घडतो की माणसाविरुद्ध, या प्रश्नाच्या उत्तरावर न्यायप्रक्रियेचा सारा रूपबंध अवलंबून असतो. नॉर्वेचे गुन्हाशास्त्रज्ञ नील्स क्रिस्टी यांनी 1977 साली एक निबंध लिहून या प्रश्नाला वेगळे वळण दिले. संघर्ष ही त्यात गुंतलेल्या माणसांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायाधीश व तज्ज्ञ ती त्यांच्यापासून हिरावून घेतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' असा उभा राहतो. ज्याचे नुकसान झाले तो साक्षीदारापुरता उरतो, आणि त्यानेही विचारले तेवढेच बोलावयाचे असते. पुढे 1990 मध्ये हॉवर्ड झेर यांनी 'चेंजिंग लेन्सेस' या ग्रंथात पुनर्स्थापक न्यायाची मांडणी केली. कोणता कायदा मोडला आणि कोणती शिक्षा द्यावी, हे प्रश्न त्यांनी मागे सारले. इजा कोणाला झाली, तिची गरज काय आणि ती भागवण्याचे दायित्व कोणाचे, हे प्रश्न त्यांनी पुढे आणले.

साहित्यसमीक्षेने या विचाराकडे वळावे याचे कारण उघड आहे. पुनर्स्थापक न्याय पीडिताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून निवेदकाचे स्थान देतो. परंतु निवेदक आला की त्याच्यापाठोपाठ श्रोता येतो, कथनप्रकार येतो आणि त्या प्रकाराचे संकेतही येतात. मालमत्ता परत मिळाली, पण ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या साच्यात स्वीकारली गेली, हा प्रश्न क्रिस्टी यांच्या मांडणीत नाही. तो विचारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाइतके समृद्ध उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

वर्णभेदी राजवट संपल्यानंतर 1995 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या आयोगाची पहिली जाहीर सुनावणी एप्रिल 1996 मध्ये ईस्ट लंडन येथे झाली. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते. आयोगाकडे पीडितांची एकवीस हजारांहून अधिक निवेदने आली. त्यांपैकी सुमारे एक दशांश जाहीरपणे ऐकली गेली. माफीसाठी 7,112 अर्ज आले व 849 मंजूर झाले. माफीची अट होती ती संपूर्ण कथनाची : कृत्य राजकीय हेतूने घडले असावे आणि अर्जदाराने त्याविषयी सर्व काही उघड करावे. पश्चात्ताप ही अट नव्हती. मराठीत 'माफी' आणि 'क्षमा' हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. येथे मात्र त्यांतील भेद कळीचा ठरतो. माफी आयोग देणार होता. क्षमा देणे न देणे पीडिताच्या हाती होते आणि कायद्याने ती मागितलेली नव्हती. परंतु सभागृहातील प्रार्थना, मेणबत्त्या आणि अध्यक्षांची धर्मोपदेशकाची वाणी यांनी घडवलेल्या वातावरणात कथनाचा अपेक्षित शेवट क्षमेकडेच झुकलेला होता.

आयोगाने आपल्या 1998 च्या अहवालात सत्याचे चार प्रकार मानले : न्यायवैद्यकीय, कथनात्मक, संवादातून घडणारे आणि जखम भरून काढणारे. कथनालाच सत्याचा दर्जा देणारा असा शासकीय दस्तऐवज विरळाच. पण व्यवहारात काय घडले? पीडित खोसा, झुलू, सोथो अशा आपापल्या भाषांत बोलत. दुभाषे ते तत्क्षणी इंग्रजीत आणत, आणि तेही प्रथमपुरुषी. 'मी' हे सर्वनाम त्यामुळे एकाच वेळी दोन मुखांतून उमटे. सुनावण्यांच्या ज्या प्रतिलेखांवर आज अभ्यासक विसंबतात, ते या दुभाष्यांच्या इंग्रजीवरून झालेले आहेत. म्हणजे अभ्यासक ज्या संहितेला 'साक्ष' म्हणतात, ती मुळात साक्षीचे घाईत झालेले भाषांतर आहे.

3 मार्च 1986 रोजी केपटाउनजवळच्या गुगुलेतू वस्तीत पोलिसांनी सात तरुणांना सापळा रचून ठार केले आणि ती 'चकमक' असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी एकाची आई, श्रीमती नोबोम्वू कोनिले, एप्रिल 1996 मध्ये आयोगापुढे बोलली. सुनावण्यांचे वार्तांकन करणाऱ्या चमूचे नेतृत्व कवयित्री अँटजी क्रॉग करीत होत्या. 'कंट्री ऑफ माय स्कल' (1998) हे त्यांचे पुस्तक त्या अनुभवातून आले. कोनिले यांची साक्ष त्यांना कमालीची असंबद्ध वाटली होती. पेन्शनच्या कचेरीपाशी बातमी घेऊन आलेला माणूस, वर पाहणारी एक बकरी दिसलेले स्वप्न, कोळसा खणताना अंगावर कोसळलेली दरड, असे तुकडे एकमेकांना न जोडता पुढे येतात. मृत मुलाविषयी जे ऐकावयाचे म्हणून सभागृह जमले होते, ते या तुकड्यांच्या फटींतून निसटते.

क्रॉग यांचे मोठेपण असे की त्यांनी या असंबद्धतेचा पिच्छा सोडला नाही. खोसा भाषेच्या अध्यापिका नोसिसी म्पोल्वेनी आणि मानसशास्त्रज्ञ कोपानो रातेले यांच्यासमवेत त्या मूळ ध्वनिमुद्रणाकडे गेल्या. साक्ष पुन्हा उतरवली गेली, पुन्हा भाषांतरित झाली. 'देअर वॉज धिस गोट' (2009) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. इंग्रजी प्रतिलेखात काही दुवे गळाल्याचे आणि काही चुकीचे जोडले गेल्याचे त्यात दिसून आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बकरीचे स्वप्न. खोसा समाजात बकरी हे पूर्वजांशी जोडणारे प्राणिरूप आहे. तिचे असे स्वप्नात येणे हा अशुभाचा इशारा आहे. तो संकेतव्यूह ज्यांना ठाऊक होता, त्या श्रोत्यांना मृत्यूची चाहूल कथनात योग्य जागी लागली होती. ती लागली नाही ती इंग्रजी ऐकणाऱ्यांना. रातेले यांनी आणखी एक सूत्र दाखवले : नात्यांच्या जाळ्यातच 'मी' घडतो असे मानणाऱ्या जगात मुलगा गमावणे म्हणजे सुटी, एकटी व्यक्ती होणे. आयोगाने तर प्रथमपासूनच सुट्या व्यक्तीची कहाणी मागितली होती.

मराठी वाचकाला हे वाचताना एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. दलित आत्मकथनांवर विस्कळीतपणाचा, रचनेच्या अभावाचा आक्षेप घेतला गेला तेव्हा आत्मचरित्राचा मध्यमवर्गीय साचाच मोजपट्टी म्हणून वापरला जात होता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (1986) या कथनाचे शीर्षकच प्रथमपुरुषी बहुवचनी आहे. त्यात 'मी' शोधत बसणाऱ्या वाचकाच्या हाती थोडेच लागते. दोन्ही परिस्थितींत अंतर मोठे आहे, परंतु चूक एकाच जातीची आहे : स्वतःच्या वाचनसंकेतांची मर्यादा ती संहितेच्या माथी मारते.

तथापि क्रॉग आणि सहकाऱ्यांचे वाचन निःशंकपणे स्वीकारावे असे नाही. असंबद्ध वाटलेले सारे काही संस्कृतीच्या किल्लीने उलगडते, अशी या पद्धतीची ओढ आहे. आणि आघाताने मोडलेले कथन मोडलेलेच असू शकते, ही शक्यता त्या ओढीत मागे पडते. शिवाय बकरीने ग्रंथाच्या शीर्षकापर्यंत मजल मारली, पेन्शन आणि कोळसा मात्र त्या मानाने बाजूलाच राहिले. वस्तुतः साक्षीतील हे तपशील फार स्पष्ट आहेत. पेन्शनच्या दारात बातमी मिळते. दरड कोसळते ती कोळसा खणणाऱ्या, म्हणजे सरपणाचीही भ्रांत असलेल्या, म्हाताऱ्या बाईच्या अंगावर. हाताशी आलेला मुलगा गेल्यावर पोट कसे चालले, याचे ते निवेदन आहे. ते रूपक म्हणून वाचता येते, पण आधी ते हिशेब म्हणून वाचले पाहिजे. झेर यांचा दुसरा प्रश्न, इजा झालेल्याची गरज काय, याचे उत्तर या बाईने विचारण्यापूर्वीच दिले होते. सभागृहाने त्याला विषयांतर मानले.

या दृष्टीने आयोगाच्या आर्थिक बाजूचा इतिहास बोलका आहे. पीडितांना सहा वर्षे वार्षिक अनुदान द्यावे अशी आयोगाची शिफारस होती. शासनाने 2003 मध्ये प्रत्येकी 30,000 रँड एकदाच देण्याचे ठरवले. माफी मंजूर झालेल्यांना ती निर्णयाबरोबर मिळत होती, पीडितांना मात्र वर्षानुवर्षे थांबावे लागले. गुगुलेतूच्याच आणखी एका आईने, सिंथिया न्गेवू यांनी, सलोख्याची व्याख्या अशी केली होती की मारणारा पुन्हा माणूस व्हावा आणि त्यातून सर्वांनाच माणूसपण परत मिळावे. हे वचन जगभर उद्धृत झाले, कारण ते आयोगाच्या अपेक्षित शेवटाशी नेमके जुळत होते. त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एका आईचे वाक्य पाठ होते आणि दुसरीचे आडनावही नोंदींत धड उमटत नाही, कोनिले यांचा शोध घेताना क्रॉग यांना ते चुकीचे लिहिलेले आढळले, ही निवड कोणत्या श्रोत्याने केली, हे पाहावयास हवे.

आयोगाच्या संकेतस्थळावरील प्रतिलेख आजही इंग्रजीतच वाचले जातात. कोनिले यांच्या साक्षीसाठी तिघा अभ्यासकांना ध्वनिफितीपासून सुरुवात करावी लागली. उरलेल्या बहुसंख्य साक्षींच्या मूळ भाषेतील ध्वनिफितींवर असे काम झालेले नाही.