प्रथिनाचे टोक आणि तुकड्याचे टोक

मिरजेची ख्याती रुग्णालयांचे गाव अशी आहे. डॉ. विल्यम वॅनलेस यांचे रुग्णालय येथे १८९४ साली सुरू झाले; १९६२ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. येथील मधुमेही रक्ताच्या अहवालात 'एचबीएवनसी' हा आकडा प्रथम पाहतो. हा आकडा वस्तुतः प्रथिनाच्या टोकाविषयीचे विधान होय. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या आरंभीच्या व्हॅलिनला ग्लुकोज चिकटले आहे, अशा रेणूंचे ते प्रमाण. कोणते टोक, हे येथे ठरलेले आहे. म्हणूनच आकड्याला अर्थ आहे.

प्रथिने ओळखणाऱ्या संगणक-प्रणालींत मात्र हेच संदिग्ध राहते. प्रथिने ट्रिप्सिनने कापून तुकड्यांचे वस्तुमान मोजतात व ते नोंदसंग्रहातील अनुक्रमांशी ताडून पाहतात. कोणता बदल कोठे शोधावयाचा, हे अभ्यासकाने आधी सांगावयाचे असते. हेक्सोज जडल्यास वस्तुमान १६२.०५३ डाल्टनने वाढते, एवढे सांगून भागत नाही. 'कोणतेही अमिनो-टोक' की 'प्रथिनाचे अमिनो-टोक', हेही सांगावे लागते. पहिला पर्याय घेतला की प्रत्येक तुकड्याचा आरंभ पात्र ठरतो. परंतु तो आरंभ बहुधा परीक्षानळीत, कात्रीने निर्माण केलेला; रक्तातील ग्लुकोजची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसते. जे संभवत नाही ते शोधण्याची मुभा दिल्यावर चुकीच्या जुळण्या वाढल्या, तर नवल कसले?

हा भेद व्याकरणाला परका नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार 'कवी' दीर्घान्त, पण 'कविसंमेलन' यात तोच इकार ऱ्हस्व. कारण नियम शब्दाच्या अंताचा आहे, घटकाच्या अंताचा नव्हे. पाणिनीनेही 'वाक्' आणि 'वाचा' यांतील भेदासाठी पदान्ताचा आधार घेतला, आणि मुख्य म्हणजे पद कशास म्हणावयाचे हे स्वतंत्र सूत्रांनी सांगून ठेवले.

प्रणालीकारांनी ही दक्षता घेतलेली दिसत नाही. एक्स! टँडेममध्ये डावा चौकटी कंस तुकड्याच्या आरंभाची खूण आहे. एमएसफ्रॅगरमध्ये तोच कंस, पुढे छत्रचिन्ह जोडून, प्रथिनाचा आरंभ दाखवितो. एका प्रणालीची सवय दुसरीत नेणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

खूण एकवार सुधारता येईल. त्याहून गंभीर दोष संज्ञेत आहे. 'प्रथिनाचे टोक' याचा प्रणालीला कळणारा अर्थ 'नोंदीचे टोक' एवढाच. बीटा साखळीची नोंद मेथिओनिनने सुरू होते. रक्तात ते गळालेले असते. आरंभीचे मेथिओनिन गळू शकते हे बहुतेक प्रणाली जाणतात, त्यामुळे तेथे निभावते. सीरम अल्ब्युमिनच्या बाबतीत निभावत नाही. त्याची नोंद ६०९ घटकांची, रक्तातील साखळी ५८५ घटकांची. पहिले २४ पेशीतच कापले जातात. चोविसावा घटक आर्जिनिन आहे, आणि ट्रिप्सिनही आर्जिनिननंतरच कापते. परिणामी साखळीचा खरा आरंभ प्रणालीला कात्रीचा साधा काप वाटतो. 'प्रथिनाचे अमिनो-टोक' हा शास्त्रदृष्ट्या रास्त पर्याय निवडणारा अभ्यासक तेथील शर्करेला मुकतो, आणि चूक त्याची नसते.

यावर उपाय आहे : २५ ते ६०९ हा अनुक्रम स्वतंत्र नोंद म्हणून पुरविणे. ही माहिती युनिप्रॉटच्या नोंदीत आहेच. प्रणालीला दिल्या जाणाऱ्या फास्टा धारिकेत मात्र ती उतरत नाही.