‘फँड्री’ आणि गावाचे भय

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २८ एप्रिलला अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे, सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध असल्याच्या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. तेव्हापासून आम्ही हा चित्रपट खर्ड्यावाचून पाहू शकलेलो नाही.

‘फँड्री’त भितो कोण? प्रथमदर्शनी कैकाडी कचरू. जत्रेत डुकरे शिरतात, पालखीत विघ्न येते आणि पाटलाच्या शब्दाखातर तो कुटुंबासह डुकरामागे धावतो. मुलीच्या लग्नाचा भारही त्याच्या शिरावर आहे. किशोर कदम यांनी हे मान खाली घातलेले भय असे साकारले आहे की, त्यापुढे संवाद गौण ठरतात. जब्या हा वारसा नाकारतो. (राष्ट्रगीताच्या प्रसंगावर इतके लिहिले गेले आहे की, आम्ही तो सोडून देतो.)

गाव मात्र हसत असते, आणि आमचा आक्षेप येथेच आहे. हसणाऱ्यांच्या मनात कॅमेरा शिरत नाही. डुकराच्या विटाळाने हादरणारे गाव शालूच्या बाबतीत काय करील, हे प्रेक्षकाने ताडायचे. शालू तर जवळजवळ बोलतच नाही. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. मुलीने स्वतः निवड करणे हेच जातीला सर्वांत मोठे भय. ते अव्यक्त राहिल्याने पडद्यावरील क्रौर्य टवाळीच्या पातळीवर थांबते.

सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात तथागतांनी भयाचा उगम दंडधारणात दाखविला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती काठी, त्यांनाच ती निसटण्याची धास्ती अधिक. पुढे हीच धास्ती इतरांची तोंडे बंद करते. खर्ड्याच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

जब्याचा अखेरचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. तो प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु त्याने पाटलाच्या वाड्याचे दार उघडत नाही. ते काम मंजुळे यांनी २०१६ च्या ‘सैराट’मध्ये केले. तेथे आर्ची बोलते, निवड करते, आणि शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन तिच्या दारात येतात.