क्षयरोगाच्या संपर्क-तपासणीतील ‘घर’ : एक चिकित्सा

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाने २०२१ मध्ये क्षयरोग प्रतिबंधक उपचाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तत्पूर्वी रुग्णाच्या संपर्कातील प्रामुख्याने लहान बालकांनाच प्रतिबंधक औषध दिले जात असे. या सूचनांनी फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्व वयोगटांना त्या कक्षेत आणले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. प्रस्तुत लेखातील प्रश्न एवढाच, की यातील ‘घर’ कोणते?

मूळ व्याख्या संकुचित नाही. उपचारापूर्वीच्या तीन महिन्यांत रुग्णासोबत एकाच बंदिस्त निवासात एक वा अधिक रात्री, किंवा दिवसाचा बराच काळ, राहिलेली व्यक्ती म्हणजे घरातील संपर्क. रक्ताच्या नात्याची अट तीत नाही. भिवंडीतील यंत्रमाग कामगारांची खोली या दृष्टीने पाहावी. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला, की त्याच जागी रात्रपाळीहून आलेला आडवा होतो. व्याख्येनुसार हे सारे एकाच घरातले होत. मात्र ‘घरी कोण कोण असते?’ असे विचारले, तर कामगार गावाकडील बायकामुलांची नावे सांगणार. खोलीतल्या सोबत्यांची नावे देणे म्हणजे आजार उघड करणे. त्यात राहण्याची जागा आणि रोजगार दोन्ही पणाला लागतात. शेजारच्या मागावरील कामगार तर ‘निकट संपर्क’ या वेगळ्या वर्गात पडतो आणि प्रतिबंधक उपचाराचा मुख्य भर घरातील संपर्कांवरच राहतो.

तीन महिन्यांच्या अटीमागील तर्क समजून घेण्यास मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेला अभ्यास उपयुक्त ठरतो. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामातील रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक धोका असल्याचे त्यात आढळले नाही. संसर्ग बहुतांशी निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो, हा त्याचा अर्थ. म्हणून रुग्णाचा आजचा पत्ता पुरेसा नाही. गेले तीन महिने तो कोठे झोपत होता, हे विचारावयास हवे.

तपासणीच्या साधनांविषयीही थोडे. मांटू चाचणीच्या निष्कर्षावर बीसीजी लसीचा परिणाम होऊ शकतो. नव्या चाचण्यांत हा दोष नाही, परंतु संसर्ग कोणाकडून व केव्हा झाला हे त्याही सांगत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला. अशा देशात हा प्रश्न गौण म्हणता येत नाही. याच सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. असे असताना सूचनांमध्ये एक्स-रे ‘उपलब्ध असेल तेथे’ आहे. औषध अडू नये हा त्यामागील हेतू रास्त आहे. पण ज्याला प्रत्यक्ष रोग जडला आहे, त्याला केवळ खोकला नाही म्हणून निरोगी समजून प्रतिबंधक औषध देण्याचा धोका त्यामुळे उरतोच.

झारखंडमधील ‘रेशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरातील व्यक्तींना दरमहा शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. संपर्क म्हणजे केवळ जंतूंशी आलेला संबंध नव्हे, ताटातले अन्नही त्यात मोजावे लागते, हे यातून दिसून येते. तथापि, हाच शिधा भिवंडीत द्यावयाचा झाल्यास तो गावाकडील कुटुंबाच्या नावे जाणार, की हे कामगार जेथे एका पंगतीला जेवतात त्या खानावळीच्या?