मुखपृष्ठावरील नाव

दिवाळी अंकाची जुळवाजुळव चालली असता आमच्या संपादक मंडळापुढे एक ललितलेख आला. छत्तीसगडात आयुष्य घालविलेला एक निवृत्त गृहस्थ पावसात खचलेले वडिलांचे मातीचे घर आठवतो आणि स्वतःच्या नव्या घराचा पाया भरताना उभा राहतो, एवढाच त्याचा विषय. भाषा नेटकी, भावना संयत. अखेरच्या परिच्छेदात तो गृहस्थ खांबातल्या सळयांवरून हात फिरवितो, आणि तेथे एका कंपनीचे नाव सहज येऊन जाते. लेखासोबत दोन पूर्ण पानांच्या जाहिरातीइतकी रक्कम देऊ केली होती. अट एकच : ‘जाहिरात’ हा शब्द कोठेही छापू नये.

लेख मला आवडला होता, हे प्रथमच कबूल करतो. त्यामुळेच त्याचा विचार करणे भाग पडले.

धंद्याच्या पैशातून चांगले वाङ्मय निर्माण होत नाही, असे निदान मराठी माणसाला तरी म्हणता येणार नाही. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, ती कारखान्याचे पत्रक म्हणूनच. लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराने आरंभी फार हाल सोसले होते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा माल विकण्यापूर्वी समजूत पालटणे आवश्यक होते. हे काम त्यांचे पुतणे शंकरराव यांनी हाती घेतले. शंकरराव मूळचे चित्रकार. पानाची मांडणी, चित्र आणि मथळा यांची त्यांना उपजत जाण होती. पाहता पाहता त्या पत्रकाचे मासिक झाले, ‘खबर’ हा शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले; 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला लाभली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून वाचकांपुढे आले. बदलीच्या गावी बिऱ्हाड हलविताना भांड्यांबरोबर या मासिकांचे गठ्ठे बांधणारी घरे आपल्यांपैकी अनेकांनी पाहिली असतील.

या मासिकाची स्तुती करताना एक गोष्ट मात्र आपण सोयीस्कररीत्या विसरतो. त्यातील सुधारणावाद आणि कारखान्याचा हिशेब हे परस्परांचे शत्रू नव्हते. रूढी टाकणारा शेतकरी नांगरही घेणार. यंत्राची भीती गेलेला तरुण धंद्यातही उतरणार. म्हणून ‘किर्लोस्कर’ला निर्हेतुक वाङ्मयसेवा म्हणणे हा भाबडेपणा होईल. टीकाकाराने पाहायचे ते निराळेच : तो हेतू झाकलेला होता काय? तो मुळीच झाकलेला नव्हता. कारखान्याचे नाव हेच मासिकाचे नाव होते. अंक उघडण्यापूर्वीच वाचकाला यजमान कोण ते कळे, आणि मग आतल्या विचाराचे वजन तो स्वतःच्या तराजूत करी. शिवाय आतील निबंधाला अखेरीस नांगरापाशी येऊन थांबण्याची सक्ती नव्हती. मला वाटते, वाङ्मयदृष्ट्या हाच खरा भेद आहे. आमच्याकडे आलेल्या लेखातील प्रत्येक वाक्य त्या सळईकडे चालले होते. खचलेली भिंत, वडिलांचा खोकला, पहिला पाऊस, सारे काही तिच्याच चाकरीला. पुन्हा वाचताना ते आढळले, आणि पहिल्या वाचनातला ओलावा परत आला नाही.

आज कंपन्यांचा बराच प्रचार फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालतो, आणि तेथे ही चाकरी हाच शिरस्ता झाला आहे. कंपनी स्वतः बोलत नाही. एखाद्या लोकप्रिय तरुणीच्या न्याहारीतून, एखाद्या आजोबांच्या आठवणीतून ती बोलते. रसिकतेला यात हानी अशी की, पुढे खऱ्या आजोबांच्या आठवणीकडेही आपण संशयाने पाहू लागतो. सरकारलाही हे दिसले आहे. 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका काढून, मोबदला घेऊन मालाची भलामण करणाऱ्याने ते स्पष्ट आणि सहज नजरेत भरेल असे सांगावे, असे बजावले. सरकारी कागदाच्या भाषेला नावे ठेवण्याचा आम्हा कारकुनांना पहिला हक्क आहे. परंतु येथे त्या कागदाने वाङ्मयटीकेचेच काम केले आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नाव नसलेल्या पैशाला नकार देणे सोपे असते, मासिक चालविणे कठीण. याची साक्ष आमच्या रायपूरला दूर शोधावी लागत नाही. 1900 च्या जानेवारीत माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर यांच्या संपादनाखाली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ निघाले. प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. ग्रंथाच्या गुणदोषांची परखड चर्चा हिंदीत रुजविण्याचे श्रेय त्याला दिले जाते. 1902 च्या अखेरीस ते तोट्यापायी बंद पडले. त्यांच्या मागे ना नांगराचा कारखाना होता, ना सळयांचा. लाखेनगरातून जाताना त्या नावामागे एक बुडालेले मासिक आहे, हे कितीजणांच्या ध्यानात असते कोण जाणे! उरला आणि सिलतरा येथे आज लोखंडाचे इतके कारखाने आहेत. त्यांतील एखाद्याने उघड आपल्या नावाने मासिक काढले, तर त्याचा पहिला वर्गणीदार मी होईन.

आमच्या मंडळात मतभेद झाले. छपाईची बाकी दाखवून खजिनदारांनी माझ्या तत्त्वनिष्ठेची किंमत आकड्यांत सांगितली, आणि तो आकडा चुकीचा नव्हता. शेवटी आम्ही कंपनीला पत्र पाठविले : लेख अवश्य छापू, लेखकाचे कौतुकही करू; मात्र शीर्षकाच्या वर कंपनीचे नाव आणि ‘जाहिरात’ हा शब्द ठळक टायपात राहील. पत्राला तीन आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. मुद्रकाने ती चार पाने अद्याप कोरी ठेवली आहेत.